भोंग्याची कोरी पाटी

भोंग्याचा आवाज गेला तेव्हा इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. इतकी वर्षं त्या लावून घ्यायचीच सवय झाली होती. कुणाच्या दुखण्यावर सुटकेचा श्वास सोडू नये हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून आधी ते रीतसर भेटून आले, हळहळले, आणि मग घरी जाऊन खिडक्या उघडल्या.

भोंगा हे नाव त्याला बसस्थानकावरच्या ड्रायव्हर लोकांनी दिलं होतं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटणार, हे काचेच्या खोलीत बसून सांगायचं, ही त्याची नोकरी. आवाज मात्र खरंच दृष्ट लागण्यासारखा. खणखणीत, अक्षर अन् अक्षर सुटं. लहान मूल रडत असलं तरी त्याची घोषणा सुरू झाली की गप्प व्हायचं. भोंगा म्हटलं की तो वरवर चिडायचा आणि आतून फुगायचा.

वाईट एवढंच, की घरी आल्यावर तो मायक्रोफोन खाली ठेवत नसे. जेवायला बसला की पहिला घास घ्यायचा, खिडकीकडे तोंड करायचा आणि त्याच सुरात म्हणायचा, "घरातील सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावे. आजचं जेवण पुन्हा करपलेलं आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल कोणीही दिलगीर नाही." बंद खिडक्यांआडूनही खालच्या मजल्यावर हशा पिकायचा. तेवढ्यासाठीच तर सगळं होतं. बायको पदार्थ बदलून पाहायची, मीठ कमी-जास्त करून पाहायची. घोषणा बदलायची, थांबायची नाही.

बायकोची शाळा लवकर सुटली होती. ती वाचायची, पण अक्षराला अक्षर जोडत, ओळीवर बोट ठेवून. एकदा ती स्थानकावर त्याचा डबा द्यायला आली आणि तिथूनच बाजाराला जायला म्हणून चुकीच्या गाडीत चढली. काचेतून त्याला दिसलं. एखाद्या कंडक्टरला सांगून तिला उतरवता आलं असतं. त्याऐवजी त्याने मायक्रोफोन ओढला आणि सगळ्या स्थानकाला ऐकवलं की शेवटच्या फलाटावरच्या गाडीत निळ्या कपड्यांतल्या एक बाई चुकून बसल्या आहेत, त्यांना पाटी वाचता येत नाही, त्या आमच्याच पत्नी आहेत, तरी कृपया त्यांना हाताला धरून उतरवावे. स्थानक पोट धरून हसलं. ती उतरली, पिशवी घेतली आणि बाजारात न जाता पायी घरी गेली. संध्याकाळी त्याने हाच किस्सा पाहुण्यांना पुन्हा रंगवून सांगितला. ती गप्प बसली. गप्प बसणारं माणूस विसरतं असं ज्याला वाटतं, त्याने लग्नाच्या भानगडीत पडू नये.

मग घसा धरला. आधी खवखव, मग रक्त, मग तपासण्या. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि त्या बदल्यात आवाजाची पेटी काढून घेतली. मानेच्या पुढे एक भोक राहिलं, त्यातून श्वास. त्यातच उजव्या खांद्याची शीर दुखावली आणि तो हात लोंबकळू लागला. पेन धरता येईना. डाव्या हाताने लिहिलं की कागदावर मुंग्या चालल्यासारख्या दिसायच्या, त्या त्याला स्वतःलाही वाचता यायच्या नाहीत.

राहिले हातवारे. त्याने उशीकडे बोट दाखवलं की बायको पाणी आणायची. पंख्याकडे दाखवलं की पाणी. दार लाव म्हणून हात हलवला तरी पाणी. "डॉक्टरांनी पाणी भरपूर द्यायला सांगितलंय," असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची, आणि लोक म्हणायचे, किती करते हो बिचारी. भोंगा पाण्याने आणि संतापाने टम्म फुगून बसलेला असायचा. त्याला आता जगाकडून एकच हवं होतं, की घरातल्या माणसाने आपलं म्हणणं समजून घ्यावं आणि त्याला उत्तर द्यावं. ज्याने आयुष्यभर कुणाचं उत्तर ऐकून घेतलं नाही, त्याला उत्तराची भूक लागली होती.

जावई कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. स्वभावाने गरीब, नाकासमोर चालणारा. नवरा नवरीपेक्षा बुटका आहे, मागच्यांनी टाचा उंच करून पाहावे, अशी घोषणा ज्या सासऱ्याने भर लग्नात केली होती, त्याच सासऱ्यासाठी त्याने दुकानातला एक जुना कॉम्प्युटर झाडूनपुसून आणला. आधी मोबाइल देऊन पाहिला होता. भोंग्याचं बोट एका वेळी तीन अक्षरांवर पडायचं, म्हणून त्याने तो भिंतीवर फेकला. आता जावयाने बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि म्हणाला की बाबा, डाव्या हाताचं एक बोट पुरे.

पहिल्यांदा त्याने कचेऱ्यांतून असतो तो मोठा प्रोग्राम घालून दिला. त्यात काय नव्हतं? अक्षरांना रंग, चौकटी, तक्ते, फुलं. फक्त तो उघडायला वेळ लावायचा. आधी पडद्यावर एक चित्र यायचं, मग गोल गोल फिरायचं, मग नवा कागद हवा की जुना ते विचारायचं. तोवर समोर उभी असलेली बायको आत जाऊन भांडी घासायला लागलेली असायची. त्यातून भोंग्याने काही उमटवलंच, तर त्या यंत्राला त्यातला एक शब्द ओळखू येत नसे. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. ज्याचा उच्चार स्थानकावरच्या साहेबाने कधी दुरुस्त केला नाही, त्याचं प्रत्येक अक्षर आता एक खोकं चूक ठरवत होतं. त्याने कीबोर्डवर मूठ आपटली. यंत्राने त्यालाही लाल रेघ मारली.

मग जावयाने प्रोग्राम लिहिणारी पोरं वापरतात तसला एक आणला. काळा पडदा, प्रत्येक ओळीला डावीकडे आपोआप आकडा. आकडे भोंग्याला आवडले, फलाटासारखे वाटले. पण मधेच एखादा शब्द आपोआप हिरवा व्हायचा, एखादा जांभळा, आणि त्याने कंस उघडला की पुढचा कंस यंत्र स्वतःच घालून टाकायचं. दुसऱ्याने आपलं वाक्य पुरं करणं त्याला खपण्यासारखं नव्हतं. तोही गेला.

तिसरा प्रोग्राम जावयाने मोठ्या आशेने आणला होता. त्यात जे लिहाल ते यंत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. स्वयंपाकघरात असलेल्या माणसालाही ऐकू जाईल, समोर कुणी नसलं तरी चालेल, असं त्याने परोपरीने समजावलं. त्याने नमुन्याला एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. स्पीकरच्या पेटीतून एका बाईचा सपाट, निर्जीव आवाज आला, नको तिथे थांबणारा, नको तिथे घाई करणारा. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहून ऐकू लागली.

भोंग्याचा चेहरा काळानिळा झाला. तो आजारी पडल्यावर स्थानकाने त्याच्या जागी माणूस नेमलाच नव्हता. असलाच एक यंत्राचा आवाज बसवला होता. त्याची खोली, त्याचे फलाट, त्याच्या गाड्या आता ही बया सांगत होती, आणि लोकांच्या गाड्या चुकतही नव्हत्या. त्याने पुढे वाकून डाव्या हाताने पेटीची वायर उपटली. मग त्याच प्रोग्रामात, एकेक अक्षर शोधत, लिहिलं: मेलो तरी दुसऱ्याच्या तोंडाने बोलणार नाही.

"बाबा, एकदा विचार करा. हे सोयीचं पडेल," जावई म्हणाला.

भोंग्याने त्याच ओळीवर बोट ठोकलं. जावयाने मान डोलावली आणि तो प्रोग्राम काढून टाकला. ह्या माणसाच्या आयुष्यात त्याच्या भल्याचं बोलणारे फार नव्हते. एक होता, त्याला त्याने असं गप्प केलं.

शेवटी, काहीशा लाजतच, जावयाने त्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासून पडून असलेला एक साधासुधा एडिटर उघडला. पांढरा पडदा आणि लुकलुकणारी एक उभी काडी, बाकी काही नाही. रंग नाही, रेघ नाही, सल्ला नाही. बटण दाबताक्षणी उघडतो. जावयाने अक्षरं मोठी करून दिली आणि म्हणाला, बाबा, ह्यात काहीच नाही हो. भोंग्याला तेच हवं होतं. ज्याच्याजवळ स्वतःचं काही म्हणणं नाही, असा सोबती त्याला जन्मात पहिल्यांदाच मिळत होता. त्याने डाव्या हाताने पडद्यावर थाप मारली, हाच. निवड झाली.

बंद करताना मात्र तो एडिटर एक प्रश्न विचारायचा: बदल जतन करायचे? खाली तीन बटणं. पहिलं जतन करण्याचं, मधलं न करण्याचं, शेवटचं रद्द करण्याचं. लिहितालिहिता मजकूर राखायचा तर दोन बटणं एकदम दाबायची अशी युक्ती जावयाने शिकवली, पण भोंग्याचं चालणारं बोट एकच. जाऊ दे, असं त्याने हातानेच सांगितलं. त्याला काही ग्रंथ रचायचा नव्हता, त्याला बोलायचं होतं.

आणि तो बोलला. पहिल्या सकाळी, इतक्या दिवसांच्या मुकेपणानंतर, पांढऱ्याशुभ्र पडद्यावर त्याने पहिलं वाक्य लिहिलं: चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी.

माणसाला वाचा मिळाली की त्याच्या मनात काय होतं ते कळतं. भोंग्याच्या मनात हेच होतं.

बायको आली, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचू लागली. च-हा. म्ह-ण-जे. भां-डी. ज्याचा अपमान व्हायचा तोच तो अडखळत, प्रामाणिकपणे, शाळेतल्या पोरीसारखा वाचत असला की अपमानाचा दम निघून जातो. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत चहा गार झाला होता. "असं होय," ती म्हणाली आणि कामाला लागली. भोंग्याने त्याहून तिखट लिहिलं. तिने त्याहून हळू वाचलं. काही दिवसांनी तिने वाचणं सोडून दिलं. "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे," असं ती कपाळावरचा चष्मा सावरत म्हणायची.

मग त्याने नवा मार्ग काढला. मुलगी आठवड्यातून एकदा यायची. तिच्यासाठी तो दिवसभर बसून बायकोची गाऱ्हाणी लिहायचा. हाक मारली तरी येत नाही, म्हणजे टेबल वाजवलं तरी येत नाही. मुद्दाम पाणी पाजते. दूरदर्शन बंद करून किल्ली घेऊन जाते, म्हणजे रिमोट. एका बोटाने एवढं लिहायचं म्हणजे मान मोडायची, खांदा ठणकायचा. पडदा भरला की तो दाराकडे डोळे लावून बसायचा. मुलीची पावलं जिन्यात वाजली की बायको फडकं घेऊन टेबल पुसायला यायची. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी. यंत्र विचारायचं, बदल जतन करायचे? आणि ती मधलं बटण दाबायची. तिला ते वाचावंही लागत नसे, जागा पाठ झाली होती. मुलगी आत यायची तेव्हा पडदा कोरा.

"काय लिहिलंत आज?" मुलगी विचारायची.

"काही नाही गं, उगाच टकटक करत बसतात," बायको सांगायची. "पण वेळ जातो बिचाऱ्यांचा."

भोंगा हातवारे करायचा, कोऱ्या पडद्याकडे, बायकोकडे बोट दाखवायचा. मुलीला बापाच्या आरडाओरड्याची जन्मापासूनची सवय होती. हा त्यातलाच एक, फक्त बिनआवाजी. ती पर्स उघडून मोबाइल बघायला लागायची.

असं चाललं असतानाच जावयाला दुसऱ्या शहरात मोठ्या दुकानात काम मिळालं, आणि मुलीला दिवस गेले. आई, तू आमच्याबरोबर चल, मुलगी म्हणाली. बाळाचं मला एकटीला जमायचं नाही. बाबांसाठी घरी राहणारी बाई ठेवू. तिकडे घर दोन खोल्यांचं, आणि बाबांचं ते मानेतलं भोक, तो कफ, तो घुर्र आवाज. तान्ह्या बाळाजवळ कसं शक्य आहे? हे सगळं ती भोंग्याच्या समोरच बोलली. न बोलणारं माणूस ऐकत नाही असंही लोकांना हळूहळू वाटायला लागतं.

भोंगा घाबरला. पहिल्यांदाच, आतून, हाडांपर्यंत घाबरला. बायको दुष्टपणा करत होती तरी ती होती. पाणी का होईना, आणत होती. श्वासाच्या नळीत कफ अडकला की धावत येऊन साफ करत होती, त्यात तिने कधी कुचराई केली नव्हती. त्याच्या डोळ्यांतली भाषा ह्या जगात तिलाच येत होती. येत होती म्हणून तर ती इतकी बरोबर चुकीचं समजायची.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा तो पडद्यासमोर बसला. टोमणा सुचला तो त्याने पुसला. दुसरा सुचला, तोही पुसला. मग, घामाघूम होत, जे आयुष्यात कधी बोलला नव्हता ते लिहिलं. मला टाकून जाऊ नको. मला भीती वाटते. अडकलं तर हाक मारता येत नाही. मी तुला फार बोललो. चारचौघांत बोललो. चुकलं माझं. मला बरोबर ने.

ती आली तेव्हा त्याने तिचा पदर धरला. ती थांबली. चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला, खुर्ची ओढली आणि बोट पडद्यावर ठेवलं. म-ला टा-कून जा-ऊ न-को. भोंगा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची कबुली तिच्या ओठांतून तुटत तुटत बाहेर येत होती. चुकलं ह्या शब्दाशी ती अडखळली, मागे गेली, आणि नीट वाचलं ना ह्याची खात्री करायला पुन्हा वाचला. भोंग्याला वाटलं, पोचलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिच्या डोळ्यांत नव्हतं. त्याने नीट पाहिलं.

"वाचलं मी," ती म्हणाली. "सगळं वाचलं. तुम्ही एवढी वर्षं बोललात, ते कानातून काढून टाकायची काही सोय नव्हती हो. हे यंत्र निदान विचारतं तरी."

तिने फुलीवर टिचकी मारली आणि मधलं बटण दाबलं. मग भाजी निवडायला बसली.

बाई निवडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. जावयाने एडिटर निवडताना जितका जीव ओतला नसेल तितका तिने त्यात ओतला. तिघी आल्या. प्रत्येकीच्या हातात ती औषधाचं खोकं द्यायची आणि म्हणायची, यावर काय लिहिलंय ते वाचा बघू. पहिलीने घडाघडा वाचलं. कळवते, म्हणून तिला वाटेला लावलं. दुसरीने तर औषध कधीपर्यंत चालेल तेही वाचून दाखवलं. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसरी अंगाने धडधाकट, चेहऱ्याने हसरी. ती म्हणाली, ताई, अक्षरओळख नाही मला, पण गोळ्यांचे रंग एकदा सांगा, जन्मात चुकणार नाही. तिच्यासाठी बायकोने चहा टाकला.

मुलीला हे विचित्र वाटलं. "आई, बाबा लिहून सांगतात ना? मग हिला वाचता नको यायला?"

"वाचता येणारी टिकेल का त्यांच्यापाशी?" बायको म्हणाली. "दोन ओळी वाचल्या की पळून जाईल. मग कोण आहे त्यांना?"

ह्यात खोटं काहीच नव्हतं. भोंगा टेबलावर डावी मूठ आपटत होता. बायकोने पाण्याचा पेला आणून त्याच्यासमोर ठेवला.

सामान गेलं, माणसं गेली. जाताना बायको त्याच्यापाशी आली, मानेभोवतीचं फडकं सरळ केलं, नळी नीट आहे ना पाहिलं, आणि गेली. नवी बाई मात्र खरोखर चांगली निघाली. नळी साफ करायला तिचा हात हलका, जेवण वेळेवर, खोली लख्ख. भोंग्याला ती काका म्हणायची. बोलायची खूप, स्वतःच प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. भोंग्याने तिच्यासाठी लिहायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीपाशी त्याच्या लक्षात आलं की हिच्यासाठी शिवी आणि प्रार्थना एकच आहे.

असेच काही महिने गेले, आणि मग त्याला तो बोलणारा प्रोग्राम आठवला. सपाट आवाजाचा, नको तिथे थांबणारा. त्याने लिहिलं: ते वाचून दाखवणारं परत बसवा. कुणाच्याही तोंडाने बोलेन. पडद्याकडे बोट दाखवलं, कानाशी मूठ नेऊन फोनची खूण केली. बाई हुशार, लगेच समजली. काकांना लेकीशी बोलायचंय म्हणत तिने फोन लावून दिला आणि त्याच्या कानाशी धरला. पलीकडे बाळ रडत होतं. मुलगी म्हणाली, हॅलो, बाबा? भोंग्याच्या मानेतून हवा फुसफुसली. मग तिने मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं, सांगितलं की बाबा, जे असेल ते लिहून ठेवा, आम्ही पुढच्या खेपेला आलो की वाचू. फोन ठेवला गेला. बाईने विचारलं, झालं ना बोलणं? आता बरं वाटलं ना?

भोंगा पडद्याकडे वळला आणि एका बोटाने लिहीत सुटला. बाई कौतुकाने मागे उभी राहिली. "काय भराभर बोट चालतं हो काका तुमचं," ती म्हणाली. ते बंद करायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने कधी फुलीला हात लावला नाही. भोंग्याचा शब्द अन् शब्द पडद्यावर जसाच्या तसा राहिला. काचेवर धूळ बसलेली दिसली तेव्हा तिने ओलं फडकं घेतलं आणि त्या सगळ्या ओळींवरून काळजीपूर्वक फिरवलं.